चार्जिंगचा दिवा फक्त रात्रीच मंद पेटतो : अल्टरनेटर बदलण्याआधी काय तपासावे?

रात्रपाळी :

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डावरचा बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा हल्ली रात्री गाडी चालवताना अगदी मंद पेटलेला दिसतो. किल्ली फिरवल्यावर तो नेहमीसारखा लख्ख पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. मात्र हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकत्र चालू केले की तो पुन्हा दिसू लागतो, आणि तोही इतका अंधुक की दिवसा त्याचा पत्ताही लागू नये. बॅटरी नवीन आहे. आधीची सकाळी सेल्फ उचलत नव्हती म्हणून ती बदलली होती.

गॅरेजमध्ये आयडलिंगला मीटर लावला तेव्हा बॅटरीवर 14 व्होल्ट दिसले. तरीही दिवा पेटतो म्हणजे अल्टरनेटरमधले (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातले) डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, गेले असणार, तेव्हा पूर्ण अल्टरनेटरच बदलून टाकू, असा सल्ला मला मिळाला. 14 व्होल्ट मिळत असतील तर अल्टरनेटर नादुरुस्त कसा, आणि नादुरुस्त नसेल तर दिवा का पेटतो, हे कोडे मला सुटलेले नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. अल्टरनेटरला एक जाड आणि एक बारीक अशा दोनच वायरी आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मीटरवाला :

आपण दोनच वायरी असल्याचे लिहिलेत ते बरे केलेत, कारण या प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये दिवा नेमके काय सांगतो हे अगदी स्पष्टपणे मांडता येते. हा दिवा ‘अल्टरनेटर बिघडला’ असे सांगत नाही. त्याच्या दोन टोकांना असलेल्या व्होल्टेजमध्ये फरक आहे एवढेच तो सांगतो.

दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेले असते आणि दुसरे टोक त्या बारीक वायरने अल्टरनेटरला. किल्ली फिरवली पण इंजिन बंद आहे, अशा वेळी विद्युतप्रवाह स्विचमधून दिव्यात, दिव्यातून बारीक वायरीने रोटरच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) कॉइलमध्ये आणि तेथून रेग्युलेटरमार्गे (व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागामार्गे) अर्थला जातो. दिवा पेटतो तो यामुळेच, आणि रोटरला सुरुवातीचे चुंबकत्वही याच प्रवाहातून मिळते. इंजिन फिरू लागले की स्टेटरमध्ये (रोटरभोवतीच्या स्थिर कॉइलमध्ये) तीन फेजचा एसी तयार होतो. सहा मोठे डायोड त्याचे डीसीत रूपांतर करून जाड वायरीला देतात, तर तीन छोटे डायोड बारीक वायरीच्या टर्मिनलला स्वतंत्रपणे व्होल्टेज देतात. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज आले की त्यातून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही, आणि तो विझतो.

म्हणून इंजिन चालू असताना दिवा लख्ख पेटणे आणि मंद पेटणे यांचे निदान वेगवेगळे आहे. लख्ख पेटला तर अल्टरनेटर काहीच निर्माण करत नाही, असे समजून अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, रोटरला प्रवाह पोहोचवणारे कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि रोटर या क्रमाने तपासावे. मंद पेटला तर अल्टरनेटर काम करतो आहे, पण दोन्ही टोकांचे व्होल्टेज जुळत नाही. हा फरक दोन्ही दिशांनी पडू शकतो आणि बहुतेकांचे लक्ष इथेच चुकते. छोट्या डायोडांपैकी एखादा उडाला तर बारीक वायरीचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी होते. याउलट जाड वायरीच्या मार्गात किंवा इग्निशन स्विचच्या मार्गात कुठे रोध वाढला, तर बारीक वायरीचे व्होल्टेज दिव्याच्या बॅटरीकडच्या टोकापेक्षा जास्त होते. फिलामेंटच्या दिव्याला प्रवाहाच्या दिशेशी कर्तव्य नसल्यामुळे दोन्ही वेळा तो सारखाच मंद दिसतो.

आपला दिवा लोड वाढवल्यावरच दिसतो, म्हणून माझा पहिला संशय रोधावर आहे. पण संशयावर पार्ट बदलू नयेत. पुढील मोजमापे घेऊन इथे द्यावीत.

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीचे व्होल्टेज घ्यावे. मग इंजिन चालू करून ते साधारण 1500 ते 2000 आरपीएमवर कोणाला तरी धरून ठेवायला सांगावे, हेडलाइट, ब्लोअर आणि काचेचा हीटर चालू करावेत आणि त्याच स्थितीत चार आकडे घ्यावेत : बॅटरीच्या दोन पोस्टांमधले व्होल्टेज, अल्टरनेटरचा जाड वायरीचा स्टड आणि अल्टरनेटरची बॉडी यांमधले व्होल्टेज, त्या स्टडपासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टपर्यंतचा फरक, आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपर्यंतचा फरक. मीटरची टोके शिशाच्या पोस्टवरच टेकवावीत, वर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हे. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये गंज असेल तर तोही मोजमापात यायला हवा. पट्टा आणि पंखा फिरत असतात, तेव्हा बाह्या आणि मीटरच्या वायरी सांभाळाव्यात.

गॅरेजमधले 14 व्होल्ट खोटे नव्हते. मात्र ते लोडशिवाय घेतलेले होते, आणि प्रवाहच वाहत नसेल तर रोध दिसणार कसा?

जुना चालक :

इतक्या खटाटोपाची गरज नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचे एक टर्मिनल काढावे. इंजिन बंद पडले तर अल्टरनेटर गेला, चालू राहिले तर तो चांगला. आम्ही वर्षानुवर्षे असेच तपासत आलो आहोत.

तेलकट हात :

जुना चालक, आपल्या अनुभवाचा मान राखूनही हा सल्ला कोणी पाळू नये असे मी स्पष्टपणे लिहितो. डायनॅमोच्या काळात, जेव्हा गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नव्हतेच, तेव्हा ही पद्धत खपून जात असे. अल्टरनेटर भरपूर प्रवाह देत असताना बॅटरी अचानक वेगळी केली, तर रोटरचे चुंबकत्व त्याच क्षणी ओसरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते. संरक्षण नसलेल्या सर्किटमध्ये ही उसळी 100 व्होल्टच्या आसपासही जाऊ शकते. त्यात अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) यांपैकी काहीही जळू शकते. शिवाय या परीक्षेतून काही सिद्धही होत नाही, कारण अर्धवट बिघडलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू ठेवण्यापुरती वीज देऊ शकतो. धागाकर्त्यांच्या गाडीवर ही युक्ती केली असती तर इंजिन चालूच राहिले असते आणि दिवाही तसाच पेटत राहिला असता.

मीटरवाला यांच्या यादीत मी एक मोजमाप जोडतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, हेडलाइट चालू असताना आणि इंजिन थोड्या रेसवर असताना बॅटरीच्या पोस्टांवर आकडा घ्यावा. डायोड सुस्थितीत असतील तर तो सहसा 0.1 व्होल्टच्या आत राहतो, 0.5 च्या वर गेला तर मोठ्या डायोडांपैकी एखादा गेला आहे, असे समजायला हरकत नाही. एक सावधगिरी बाळगावी. काही स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसी व्होल्टेजही मोजतात आणि बॅटरीवर लावले की पंचवीस-तीस व्होल्ट असा भलताच आकडा दाखवतात. मीटरच्या वायरी उलटसुलट करून पाहाव्यात. एका बाजूने मोठा आकडा आणि दुसऱ्या बाजूने शून्य आले, तर तो मीटर या कामाचा नाही.

हिरवा कंदील :

याच विषयाशी संबंधित माझी अडचण लिहितो. माझ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू झाल्यावर हा दिवा तसाच पेटलेला राहतो. एकदा जोरात रेस दिली की तो विझतो आणि मग दिवसभर काही त्रास नाही. डॅशबोर्डातले सगळे बल्ब मी एलईडीचे करून घेतले आहेत, पण त्याचा चार्जिंगशी काही संबंध असेल असे वाटत नाही.

मीटरवाला :

संबंध अगदी थेट आहे. वर लिहिल्याप्रमाणे रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहातून मिळते. मूळचा बल्ब साधारण दोन-तीन वॅटचा असतो आणि त्यातून 0.2 अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. एलईडीतून त्याचा अगदी थोडा अंश जातो, आणि तेवढ्याने आयडलिंगच्या वेगावर अल्टरनेटर जागा होत नाही. रेस दिल्यावर रोटरच्या लोखंडात उरलेल्या अल्प चुंबकत्वावर तो स्वतःच सुरू होतो आणि मग नीट चालतो. त्या जागी मूळ वॅटचा बल्ब परत बसवावा. काही गाड्यांत बल्बला समांतर एक रेझिस्टर दिलेला असतो, तिथे ही अडचण येत नाही. बल्ब बदलूनही फरक पडला नाही, तर कार्बन ब्रश झिजले असावेत असे समजून पुढे जावे.

दुसरा तोटा असा की साधा एलईडी एकाच दिशेने पेटतो. धागाकर्त्यांच्या गाडीत एलईडी असता आणि दोष जाड वायरीच्या मार्गात असता, तर दिव्याने कोणतीच सूचना दिली नसती.

त्याच न्यायाने, किल्ली फिरवल्यावर हा दिवा पेटतच नसेल तर ती आनंदाची गोष्ट नाही. बल्ब उडालेला असतो किंवा बारीक वायर तुटलेली असते, आणि अशा वेळी अल्टरनेटर चार्ज करत नसला तरी चालकाला ते कळत नाही. दोन वायरींच्या अल्टरनेटरवर याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून बारीक वायर काढावी, किल्ली फिरवावी आणि ते टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवावे. दिवा लख्ख पेटला तर बल्ब आणि वायर दोन्ही शाबूत आहेत. टोक मोकळे असतानाच दिवा पेटलेला असेल, तर ती वायर वाटेत कुठेतरी अर्थ झाली आहे. ज्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या ताब्यात असतो तिथे हा प्रयोग करू नये.

रात्रपाळी :

सर्वांचे आभार. मोजमापे घेतली, ती देत आहे.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.35 व्होल्ट. इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर आणि वर सांगितलेला सर्व लोड चालू असताना बॅटरीच्या पोस्टांवर 12.70, अल्टरनेटरवर 14.40, पॉझिटिव्ह बाजूचा फरक 1.58 आणि निगेटिव्ह बाजूचा 0.12. एसी रेंजवर 0.03 दिसले, मीटरच्या वायरी उलट केल्या तरी आकडा तोच राहिला.

इग्निशन स्विचमधून दिव्याकडे जाणाऱ्या फ्यूजवरही मी मोजून पाहिले. तिथे बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी मिळतो.

मीटरवाला :

इतकी नेमकी मोजमापे दिल्याबद्दल आपले अभिनंदन. आता अंदाजाला फारशी जागा उरलेली नाही.

अल्टरनेटर 14.40 व्होल्ट देतो आहे आणि एसीचा अंश 0.03 आहे, म्हणजे अल्टरनेटर, त्याचा रेग्युलेटर आणि डायोड सुस्थितीत आहेत. 14.40 मधून 1.58 आणि 0.12 वजा केले की बरोबर 12.70 उरतात, म्हणजे आपल्या आकड्यांचा ताळाही जुळतो. निगेटिव्ह बाजूचा 0.12 चालण्यासारखा आहे. पॉझिटिव्ह बाजूला एवढ्या प्रवाहावर 0.2, फार तर 0.3 व्होल्ट पडावेत अशी अपेक्षा असते, तिथे 1.58 पडत आहेत. आजार तिथे आहे.

दिव्याचे कोडेही यात सुटते. बारीक वायरीकडे 14.40 आहेत आणि दिव्याच्या दुसऱ्या टोकाला जाड वायरीतले 1.58 व स्विचमधला अर्धा व्होल्ट मिळून सुमारे 2.1 व्होल्ट कमी पोहोचतात. 12 व्होल्टच्या बल्बला 2 व्होल्ट मिळाले तर फिलामेंट जेमतेम लालसर होते, आणि म्हणून ते रात्रीच दिसते. नव्या बॅटरीवर सकाळी 12.35 असणेही याला धरूनच आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्थिर अवस्थेत 12.6 ते 12.7 दाखवते, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण आणि 12.2 म्हणजे सुमारे निम्मी. आपली बॅटरी रात्रीच्या प्रवासात चार्जच होत नव्हती. आधीच्या बॅटरीचाही बळी यानेच घेतला असण्याची दाट शक्यता आहे.

आता त्या 1.58 व्होल्टचे तुकडे पाडायचे आहेत. लोड तसाच चालू ठेवून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या स्टडवर कायम ठेवावे आणि दुसरे टोक बॅटरीच्या दिशेने एकेका जोडापर्यंत सरकवत न्यावे : जाड केबलचे दुसरे टोक जिथे मुख्य फ्यूजला मिळते तो बोल्ट, मग मुख्य फ्यूजची पलीकडची बाजू, मग बॅटरीचा पोस्ट. आकडा जिथे उडी घेईल तिथे दोष आहे.

हा रोध ओहममीटरने शोधू नये. आपला लोड 40 ते 45 अँपिअर धरला तर 1.58 व्होल्टसाठी सुमारे 0.036 ओहम पुरतात. एवढा लहान रोध साध्या मीटरच्या वायरींच्या स्वतःच्या रोधातच हरवून जातो. प्रवाह चालू ठेवून पडलेले व्होल्टेज मोजणे हाच इथे विश्वासाचा मार्ग आहे.

नवी गाडी :

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या अलीकडच्या गाडीत चालता चालता व्होल्टेज कधी 12.8 दिसते, तर कधी 14.8. दिवा पेटत नाही. वरचे आकडे वाचून मला काळजी वाटू लागली आहे.

तेलकट हात :

काळजीचे कारण दिसत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरने किती व्होल्टेज द्यायचे हे ईसीयू ठरवतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसवलेला सेन्सर बॅटरीचा प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान मोजतो. बॅटरी पुरेशी भरलेली असेल तर सरळ वेगात चालताना इंजिनवरचा भार वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम उतरवले जाते, आणि आपण ॲक्सिलरेटर सोडला की फुकट मिळणाऱ्या गतीतून बॅटरी भरण्यासाठी ते वाढवले जाते. अशा गाडीत एकच आकडा पाहून चांगले-वाईट ठरवता येत नाही. 15 च्या वर सतत राहिले, किंवा लोड वाढवूनही 13 च्या खालीच राहिले, तर मात्र लक्ष घालावे.

या गाड्यांत दिवाही अल्टरनेटर पेटवत नाही. ईसीयूने ठरवले की तो पेटतो. म्हणून तिथे स्कॅनर लावून कोड वाचणे ही पहिली पायरी असते. पी0562 हा कोड सिस्टिमचे व्होल्टेज कमी असल्याचे सांगतो, पी0563 ते जास्त असल्याचे, आणि पी0620 पासूनचे काही कोड अल्टरनेटरच्या नियंत्रणाच्या सर्किटविषयी असतात. कोड म्हणजे निदान नव्हे. पी0562 सैल टर्मिनलमुळेही येतो. बाहेरून चार्जर लावायचा असेल तर त्याचा निगेटिव्ह चिमटा बॅटरीच्या पोस्टला न लावता बॉडीच्या अर्थला लावावा, नाहीतर सेन्सरला त्या चार्जिंगचा हिशेबच लागत नाही.

घाटरस्ता :

माझा प्रश्न तातडीच्या प्रसंगाचा आहे. रस्त्यात हा दिवा लख्ख पेटला तर गाडी थांबवावी की चालवत न्यावी? बॅटरीवर गाडी किती वेळ चालते?

तेलकट हात :

आधी तापमानाचा काटा पाहावा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. दिव्याबरोबर तापमान चढत असेल, किंवा हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग एकाएकी जड झाले असेल, तर पट्टा तुटला आहे असे धरून सुरक्षित जागी ताबडतोब इंजिन बंद करावे. पाण्याचा पंप थांबलेले इंजिन थोड्याच वेळात तापून हेड गॅस्केट जाऊ शकते, आणि मग चार्जिंगचा प्रश्न किरकोळ वाटू लागतो.

पट्टा जागेवर आहे आणि तापमान ठीक आहे, तर बॅटरीच्या शिल्लक शक्तीवर थोडे अंतर जाता येते. बॅटरीच्या माहितीपत्रकात ‘रिझर्व्ह कपॅसिटी’ मिनिटांत दिलेली असते; पूर्ण भरलेली नवी बॅटरी 25 अँपिअर प्रवाह देत 10.5 व्होल्टपर्यंत उतरायला किती मिनिटे घेते, तो हा आकडा. रात्री हेडलाइटसह गाडीचा खर्च याच्या आसपास किंवा वर जातो. पण बॅटरी आधीच अर्धवट उतरलेली असू शकते, आणि व्होल्टेज 10.5 वर येण्याच्या बऱ्याच आधी पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि ईसीयू कुरकुरू लागतात. म्हणून छापील मिनिटांच्या निम्म्यावरही विसंबू नये. एसी, ब्लोअर, काचेचा हीटर आणि संगीत बंद करावे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ते केव्हाही जड होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. इंजिन मध्ये बंद करू नये, कारण पुन्हा सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर लागतात आणि तेवढे बहुधा शिल्लक नसतात. हेडलाइट मात्र बॅटरी वाचवण्यासाठी बंद करू नयेत.

घाटरस्ता :

आभारी आहे. पावसाळी सकाळी माझा पट्टा किंचाळतो आणि त्याच वेळी दिवा क्षणभर लुकलुकतो. पट्ट्याला भेगा तर कुठेच नाहीत.

तेलकट हात :

आताच्या रबराच्या पट्ट्यांना पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत. त्यांच्या खाचा टायरसारख्या झिजतात आणि पट्टा पुलीत खोल बसून घसरू लागतो. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर फवाऱ्याने थोडे पाणी मारून पाहावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे, म्हणजे पट्टा किंवा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) बदलायला झाला आहे; आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. अल्टरनेटरला एकाच दिशेने फिरणारी पुली असेल तर पट्टा काढून तीही पाहावी : एका दिशेला ती मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेला अडकून रोटरला सोबत घेतले पाहिजे. दोन्ही दिशांना मोकळी फिरत असेल, तर पट्टा कितीही नवा घातला तरी अल्टरनेटर फिरणार नाही.

रात्रपाळी :

दोष सापडला. अल्टरनेटरच्या स्टडपासून सुरुवात केली तर मुख्य फ्यूजच्या अलीकडच्या बोल्टपर्यंतच 1.45 व्होल्ट पडत होते. फ्यूजमध्ये 0.05 आणि तिथून बॅटरीपर्यंत 0.08. म्हणजे जवळजवळ सगळे नुकसान एकाच केबलमध्ये होते.

बॅटरीचे निगेटिव्ह काढून ठेवून ती केबल सोडवली. अल्टरनेटरकडच्या लगजवळ (केबलच्या टोकावरच्या धातूच्या जोडकड्याजवळ) तिचे काळे इन्सुलेशन तपकिरी होऊन काचेसारखे कडक झाले होते आणि नखाने दाबताच त्याचा तुकडा निखळला. आतल्या तारांवर हिरवी भुकटी होती, बऱ्याचशा तारा लगच्या तोंडाशी तुटलेल्या होत्या, आणि उरलेल्या काळ्या पडल्या होत्या. लग वरून इतका स्वच्छ आणि नट इतका घट्ट होता की नुसते पाहून काहीच कळले नसते. फ्यूजकडचे टोक मात्र नव्यासारखे आहे.

आता केबल पूर्ण बदलावी, की खराब टोक कापून नवा लग लावावा? आणि लग सोल्डर केला तर चालेल का?

मीटरवाला :

उत्तम. त्या एका जोडात साधारण 60 वॅट उष्णता निर्माण होत होती, म्हणजे मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी. इन्सुलेशन तपकिरी होणारच.

बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढलेत हे वाचून बरे वाटले. तो स्टड किल्ली बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेला असतो, आणि पाना एकीकडे स्टडला व दुसरीकडे इंजिनला लागला तर पूर्ण शॉर्ट होतो.

हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत किती दूरवर गेला आहे ते पाहावे. कापल्यावर लालसर, चकचकीत तांबे लागले आणि लांबी पुरत असेल तर नवा लग पुरेसा आहे; तांबे काळेच निघत राहिले तर मूळ केबलइतक्या किंवा त्याहून किंचित जाड तांब्याची नवी केबल घालावी. लग योग्य मापाचा घेऊन तो क्रिंपिंगच्या पक्कडीनेच दाबावा, हातोडी मारून नव्हे, आणि वरून आतल्या बाजूस गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. नुसते सोल्डर करू नये : वितळलेले शिसे तारांमध्ये वर चढते, तेवढा भाग ताठ होतो, आणि इंजिनच्या कंपनाने तारा त्या कडेशीच तुटतात. केबलला आधीच्या क्लिपा होत्या तिथेच पुन्हा अडकवाव्यात. क्लिप तुटलेली असेल तर हे टोक मुळात का झिजले त्याचे कारणही कदाचित तिथेच सापडेल.

रात्रपाळी :

तांबे थोडे कापल्यावर स्वच्छ लागले, म्हणून नवा लग क्रिंप केला. स्टडजवळची क्लिप खरोखरच तुटलेली होती. केबल लोंबकळत इंजिनबरोबर हलत होती. नवी क्लिप बसवली.

त्याच लोडवर केबलमध्ये आता 0.12 व्होल्ट पडतात आणि बॅटरीच्या पोस्टांवर 14.03 मिळतात. अंधारात हाताचा आडोसा करून पाहिले तरी दिवा दिसत नाही. बॅटरी रोजच्या धावण्यात आपोआप भरेल, की चार्जर लावावा? आणि स्विचमधल्या त्या अर्ध्या व्होल्टचे काय करावे?

मीटरवाला :

चार्जर लावावा. अर्धवट उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात, आणि छोट्या फेऱ्यांत अल्टरनेटरला ती पूर्ण भरायला वेळ मिळत नाही. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण दशांश प्रवाहाने रात्रभर भरून, चार्जर काढल्यानंतर काही तास थांबून मोजावे. 12.6 च्या वर आकडा आला आणि पुढच्या दोन-तीन सकाळी टिकला तर बॅटरी वाचली. भरूनही सकाळी झपाट्याने उतरत असेल, तर बंद गाडीत कुठे प्रवाह गळतो का ते पाहावे. निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत अँपिअरमीटर लावल्यावर सहसा 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल.

स्विचमधला अर्धा व्होल्ट आज दिवा पेटवण्याइतका नाही, पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. स्विचच्या मागचा प्लग काढून त्याच्या पिना काळ्या किंवा सैल झाल्या आहेत का ते पाहावे. ब्लोअरचा पूर्ण प्रवाह स्विचमधूनच जात असेल, तर तो रिलेवर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) घ्यावा. स्विचचे कॉन्टॅक्ट वाचतील. त्यानंतर ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून त्याच फ्यूजवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे आणि तो आकडा इथे नोंदवावा.